नौका हेच घर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी या संमेलनात मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून काढली असल्यामुळे, जहाजावरील नोकरीविषयी तरुणांना चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय चांगला आहे आणि पुढे कधीतरी मी तो अवश्य घेईन. परंतु आज त्यांची क्षमा मागून मी दुसराच विषय निवडला आहे, आणि त्याला कारण आपल्या संस्थेनेच दिले आहे.

गेल्या वर्षी आपला कुटुंब-परिचय ग्रंथ प्रसिद्ध झाला. काम मोठ्या कष्टाचे झाले आहे, यात संशय नाही. परंतु ग्रंथ हाती येताच माझ्या थोरल्या बहिणीने, जिला आपण सर्वजण अक्का म्हणून ओळखता, प्रथम आपल्या मुलीचे व जावयाचे नाव शोधले. ते सापडले नाही. मी कार्यालयात चौकशी केली. तेव्हा मला असे सांगण्यात आले की, ‘कायमचा पत्ता’ हा रकाना त्यांच्या अर्जात कोरा होता, आणि ज्या कुटुंबास कायमचा पत्ता नाही त्याची नोंद घ्यावयाची नाही, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाकडे नव्हते, हे मी जाणतो. घर म्हणजे पाया, भिंती आणि दारावरची पाटी, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की दुसरे काही असू शकेल, हे त्यांच्या ध्यानातच आले नसावे.

माझी भाची आणि तिचे यजमान २०१८ सालापासून ३६ फूट लांबीच्या एका शिडाच्या नौकेवर राहतात. ठाण्यातील आपले घर भाड्याने देऊन त्यांनी मलेशियातील लंकावी बेटावर ती जुनी नौका विकत घेतली. सहलीसाठी नव्हे, सुटीपुरतीही नव्हे. तिथेच स्वयंपाक, तिथेच निजणे, तिथेच आजारपण आणि तिथेच दिवाळी. लग्नमुंजीच्या पंगतीत लोक मला विचारतात, “काय, भाची परत कधी येणार?” जणू ती यात्रेला गेली आहे. काही थोडे अधिक स्पष्टवक्ते असतात. ते म्हणतात, “घर बुडवून पाण्यावर गेली.”

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून समुद्राविषयी बोलताना एक जुनी हकीकत आठवल्यावाचून राहात नाही. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस जावयास निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले, आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. आपण तितके कठोर नाही. आपण फक्त रकाना कोरा ठेवतो.

आता शिडाच्या नौकेवर राहणे म्हणजे काय, हे सांगण्याआधी एक गैरसमज दूर करावयास हवा. अशा नौकेचे नाव काढताच आपल्याला एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे वीर आठवतात. आठवावेतच. ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ नौकेतून निघाले, आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. त्याच्याही आधी, १९६८–६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने जगाभोवती फिरून येणारा पहिला मनुष्य म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटी ‘सुहेली’ १९६४ साली मुंबईच्या सुतारांनी सागवानात घडविली होती, तीही बहुतांशी हातच्या हत्यारांनी. ३१२ दिवस ती पाण्यावर होती. मुंबईच्या वाकसाने तासलेले लाकूड तीन महासागरांतून सुखरूप आले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

परंतु हा पराक्रम झाला. मी बोलणार आहे तो प्रपंच. पराक्रमाला शेवटची तारीख असते. बंदरावर तोफा होतात, हार पडतात, आणि वीर घरी जातो. प्रपंचाला ती सोय नाही. नौकेवर संसार करणाऱ्याला सोमवारी भांडी घासावयाची असतात आणि मंगळवारी पुन्हा घासावयाची असतात.

असा संसार आयुष्यभर करून त्याचा हिशेब जगापुढे मांडणारे एक जोडपे अमेरिका व कॅनडा या देशांतले आहे. लॅरी पार्डी हा कॅनडाचा, त्याची पत्नी लिन ही अमेरिकेतली. दोघांनी कॅलिफोर्नियात साडेतीन वर्षे खपून स्वतःच्या हातांनी २४ फूट ४ इंच लांबीची ‘सेराफिन’ नौका बांधली आणि १९६८ मध्ये ती पाण्यात सोडली. २४ फूट म्हणजे किती? आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवाव्यात इतके. आणि रुंदी त्यातल्या एका खोलीहूनही कमी. तीत इंजिन नव्हते. परवडत नव्हते म्हणूनच केवळ नव्हे. इंजिनाची जागा शिधासामानास मिळते आणि जे यंत्रच नाही ते बिघडत नाही, असा त्यांचा रोकडा विचार होता. (मी जन्मभर इंजिनावर पोट भरले, माझ्या जिवास हे किती झोंबले असेल याची कल्पना करा!) वारा पडला तर लांब वल्ह्याने नौका ढकलावयाची, नाहीतर वारा येईपर्यंत थांबावयाचे. ‘गंमत वाटते तोवर जाऊ’ म्हणून निघालेली ही माणसे अकरा वर्षे त्याच नौकेत जगभर हिंडली. पैसे संपले की एखाद्या बंदरात लॅरी दुसऱ्यांच्या नौका दुरुस्त करी, दोघेजण कोणाची नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून देत, आणि लिन लेख लिही. पुढे त्यांनी दुसरी नौका बांधली, ‘टॅलिसिन’, साडेएकोणतीस फूट, १९८३ साली पाण्यात सोडलेली. तिच्यातही इंजिन नव्हते. पण बसून स्नान करण्यापुरते एक लहानसे टब मात्र होते. मला हा फरक फार बोलका वाटतो. चौदा-पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर माणसाने काय वाढविले, तर यंत्र नव्हे, ऊन पाण्याची आंघोळ.

लिनबाईंचे मला विशेष कौतुक वाटते ते एका गोष्टीचे. जपानहून कॅनडाकडे जाताना त्यांना ४९ दिवस जमीन दिसली नाही. त्या ४९ दिवसांत रोज काय शिजविले, कोणती भाजी कितव्या दिवशी संपली, काय नासले, काय टिकले, हे त्यांनी टिपून ठेवले आणि त्यावर एक पुस्तक केले. वादळांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत. पण वादळात माणसे उपाशी राहात नाहीत ती कोणाच्या दूरदृष्टीमुळे, हे लिहावयास एक गृहिणीच लागली.

ग्रंथांतली ही माहिती मी आधीच वाचलेली होती. तरीही २०२३ च्या सप्टेंबरात मी भाचीकडे तेवीस दिवस राहावयास गेलो, तेव्हा मी समुद्रावरचा मुरलेला मनुष्य आहे या गर्वात होतो. तो पहिल्या दिवशीच उतरला. मी सवयीप्रमाणे अंघोळ केली. बाहेर आलो तर भाची टाकीच्या काट्याकडे पाहात होती. ती हसून म्हणाली, “मामा, तुम्ही आमचं दोन दिवसांचं पाणी एका अंघोळीत संपवलंत.” त्यांच्या टाक्यांत तीनशे लिटर पाणी मावते. दोघांना मिळून दिवसाला बारा लिटर, हा त्यांचा नेम. भांडी समुद्राच्या पाण्यात घासावयाची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एकच हात फिरवावयाचा. पावसाची सर आली की कापडी छत उलटे ताणून पाणी टाकीत घ्यावयाचे. खारे पाणी गोडे करणारे यंत्र आता मिळते. पण त्याला पाण्यावर प्रचंड दाब द्यावा लागतो, म्हणजे वीज लागते, आणि वीज छतावरच्या सूर्यपत्र्यांतून येते तेवढीच. ढगाळ आठवडा आला की रात्री दिवा लावावा की पंखा, याचा घरात विचारविनिमय होतो. माझ्या जहाजावर मी दिवसाला कित्येक टन पाणी गोडे करीत असे. त्यातला थेंब न् थेंब कोठे जातो हे मला कधीच ठाऊक नव्हते. या मुलीला ते ठाऊक आहे.

स्वयंपाकाची शेगडी दोन खिळींवर झुलती टांगलेली असते. नौका कलली तरी ती सपाट राहते आणि आमटी सांडत नाही. कुकर तर नौकेवरचे देवाचे देणेच. झाकण घट्ट बसते, भांडे उपडे झाले तरी भाजत नाही. कोबी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावयाचा, अंडी दर दोन-तीन दिवसांनी उलटी करावयाची, पोरकिडे होऊ नयेत म्हणून पीठ लहान लहान डब्यांत बंद करावयाचे. आणि ताजी हिरवी भाजी संपल्यावर काय? जगभरचे नौकावासी आता कडधान्यांना मोड आणतात आणि त्याची मोठी युक्ती म्हणून एकमेकांस शिकवितात. अक्काच्या मुलीला ती शिकवावी लागली नाही. तिथल्या एका फ्रेंच शेजारणीने मुगाची उसळ पाहून कृती लिहून घेतली, हे मी स्वतः पाहिले. देव्हारा आहे, चार बोटांचा गणपती दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधलेला आहे, म्हणजे लाटेबरोबर उडी मारू नये.

तथापि हे सर्व दिवसाचे झाले. रात्र निराळी असते. मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्या मोसमात पहाटेच्या सुमारास पश्चिमेकडून एकाएकी वादळी वारे सुटतात. त्यांना तिकडे ‘सुमात्रा’ असेच नाव आहे. माझ्या मुक्कामाच्या नवव्या रात्री तसे वारे सुटले. नांगर टाकताना पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट साखळी सोडावयाची असते, तशी ती सोडलेली होती. तरी तळाचा चिखल मऊ, आणि नांगर घसरू लागला. मी जागा झालो तो धोक्याच्या घंटेने नव्हे, भाचीच्या आवाजाने. गाउनवरच रेनकोट चढवून ती सुकाणूपाशी उभी होती, जावई नाळेवर पालथा पडून साखळी ओढीत होता, आणि मागे साठ-सत्तर हातांवर दुसऱ्या कोणाच्या नौकेचा दिवा झपाट्याने जवळ येत होता. मी वर आलो. तिने माझ्याकडे न पाहताच सांगितले, “मामा, टॉर्च घ्या आणि मागच्या दिव्यावर धरा. बाकी काही करू नका.” तीस हजार अश्वशक्तीची इंजिने चालविलेला मनुष्य टॉर्च धरून बसला. वीस मिनिटांत नांगर पुन्हा धरला. ती खाली गेली, अंग पुसले, चहा टाकला, आणि सकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीने पहारा केला. सकाळी कोणी त्याविषयी बोललेही नाही. जावई साखळी चिखलातून धूत होता, एवढेच.

मी हे गौरवासाठी सांगत नाही. त्या रात्री मला जे भय वाटले ते भय त्यांना वर्षातून कित्येक वेळा वाटते, आणि त्याचा शीण चेहऱ्यावर दिसतो. या जीवनात दोष पुष्कळ आहेत. नौका हे सदैव खंगणारे घर आहे. खारी हवा तारा खाते, तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, दोरखंड उन्हाने कुजतात. नौकेच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी तिच्यावर खर्च होतो, असा ठोकताळा नौकावाले सांगतात, आणि जावयाचा हिशेब पाहता तो कमीच म्हणावा लागेल. तो संगणकाचे काम उपग्रहाच्या आधाराने नौकेवरूनच करतो. ते काम थांबले तर ठाण्याच्या भाड्यावर दोघांचे पोट भरेल, नौकेचे भरणार नाही. शेजार हवा तेव्हा असतो आणि हवा तेव्हा नसतो. ज्या फ्रेंच बाईने उसळ शिकून घेतली ती महिनाभरात नांगर उचलून गेली. आणि समुद्रावर सर्वच सज्जन नसतात. २०११ च्या फेब्रुवारीत ‘क्वेस्ट’ नावाच्या नौकेवरील चार अमेरिकन नौकावासी सोमाली चाच्यांच्या हातून मारले गेले. त्या काळात कित्येकांनी अरबी समुद्राची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालणे पत्करले.

वार्धक्याचा प्रश्न तर सर्वांत कठीण. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्रज जोडपे ३० फुटी ‘वाँडरर ३’ मधून दोन वेळा जग फिरून आले. मग नौकेवरच कायमचे राहावयाचे ठरविल्यावर, घर म्हणजे मोठे हवे अशा समजुतीने, त्यांनी १९६८ मध्ये ४९ फुटी पोलादी नौका बांधवून घेतली. ती त्या दोघांना जड झाली. शिडे मोठी, नांगर मोठा, आणि हात म्हातारे होत चाललेले. अखेर ती विकून ते पुन्हा लहान नौकेकडे वळले. पार्डी दांपत्यानेही न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर एक घर करून ठेवले होते. लॅरीची अखेरची वर्षे आजारात गेली आणि २०२० मध्ये तो तिकडेच वारला. म्हणून मी भाचीस व जावयास स्पष्ट सांगितले आहे की, ठाण्याचे घर विकू नका. त्यांनी ते मानले आहे.

आणखी एक गोष्ट. नौकेवरचा संसार एकाच्या हौशीने चालत नाही. जोशुआ स्लोकम हा १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याआधी ब्राझीलमध्ये त्याचे जहाज फुटले, तेव्हा त्याने तिथेच ३५ फुटी होडी बांधली, आणि त्याची दुसरी पत्नी हेटी व दोन मुले यांना तीत बसवून साडेपाच हजार मैल आणले. हेटीबाई १८८८ मध्ये सुखरूप अमेरिकेस पोचल्या, आणि नंतर त्याच्या सफरींवर पुन्हा कधी गेल्या नाहीत. स्लोकमचे चरित्र वाचणारे त्याच्या धैर्याची वाखाणणी करतात. मला वाटते हेटीबाईंचा नकारही तितकाच आदरणीय आहे. मी भाचीला एकटीला गाठून विचारले होते, “तुझ्या मनाने राहतेस, की त्याच्या?” ती म्हणाली, “मामा, नौका माझ्या आग्रहानं घेतली. तो वर्षभर नाही म्हणत होता.” हे तिच्या आईलाही ठाऊक नव्हते.

आता मला जे बोलावयाचे आहे ते थोडे अवघड आहे. २०२१ च्या एप्रिलात भाऊजी गेले. करोनाची दुसरी लाट. भाची लंकावीला, तिचा थोरला भाऊ न्यूजर्सीला. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने मार्च २०२० पासून बंद होती, सरकारी परवानगीची मोजकी विमाने तेवढी चालू होती, आणि मलेशियाची सरहद्दही बंद. दोघांपैकी कोणीच पोचू शकले नाही. अंत्यविधी पुतण्याने केला. त्यानंतर समाचारास आलेले लोक मुलाविषयी म्हणत, “बिचारा! काय करील? तिकिटेच नव्हती.” आणि मुलीविषयी म्हणत, “बापाचे तोंड पाहावयासही आली नाही. बोटीवर राहते ना!” दोन्ही वाक्ये मी एकाच दिवशी, एकाच बैठकीत ऐकली. अक्काही ऐकत होती.

मी त्या वेळी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला आजवर बोचते आहे. कारण १९८६ मध्ये माझी आई वारली तेव्हा मीही पाण्यावरच होतो. ब्राझीलहून जपानकडे लोहखनिज नेणारे आमचे जहाज हिंदी महासागरात होते. बिनतारी अधिकाऱ्याने संदेशाचा कागद इंजिनरूममध्ये आणून दिला. पुढचे बंदर येईतो मासिक श्राद्धाची वेळ झाली होती. परत आलो तेव्हा याच ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींनी माझ्या पाठीवर हात ठेवून, “कर्तव्यावर होतास, बाबा,” असे म्हणून माझे सांत्वन केले होते. मला पगार होता, म्हणून माझे दूर असणे कर्तव्य ठरले. तिला पगार नव्हता, घर होते. म्हणून तिचे दूर असणे हा दोष ठरला. बत्तीस वर्षांत मी वर्षाला आठ-नऊ महिने घराबाहेर होतो, माझी मुले मला छायाचित्रांवरून ओळखत, आणि तरी माझ्या नावापुढे कायमचा पत्ता छापलेला आहे. ती दोघे आठ वर्षांत एक रात्रही एकमेकांपासून दूर राहिली नसतील.

मी कोणाही तरुणास हा मार्ग घेण्याचा सल्ला देत नाही. ज्याला घरातल्या नळाची गळती सहा महिने दुरुस्त करवत नाही, त्याने तर याचे स्वप्नही पाहू नये. माझी विनंती निराळी व अगदी लहान आहे. कुटुंब-परिचय ग्रंथाची पुरवणी दिवाळीनंतर निघणार आहे, असे चिटणीसांनी मघाशी जाहीर केले. तीत या कुटुंबाची नोंद घ्यावी. मी अर्ज भरून आणला आहे. कुटुंबातील माणसे दोन, व्यवसाय, शिक्षण, सर्व रकाने भरले आहेत. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात काय लिहावे, हे मी भाचीला गेल्या आठवड्यात दूरध्वनीवर विचारले. तिने नौकेचे नाव आणि नोंदणी क्रमांक सांगितला, आणि म्हणाली, “त्याखाली लिहा, मार्चपर्यंत लंकावी. पुढचं वाऱ्यावर आहे, ते कळवते.” मी तसेच लिहिले आहे.

अक्का आज सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली आहे. अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून तिने काल रात्री सही केली. तिच्या पारपत्राचा अर्जही मीच भरतो आहे. तिचा एकच प्रश्न आहे, की नौकेवर चढताना काठी नेता येते का. मी भाचीला विचारून सांगतो, असे तिला म्हटले आहे.